सुरतेचा जोडा आणि न वाचलेली चिठ्ठी

२७ डिसेंबर १९०७ची दुपार. सुरतेत तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये काँग्रेसच्या तेविसाव्या अधिवेशनाचा मंडप उभा होता. आदल्या दिवशी आरडाओरड्यात थांबलेले काम पुन्हा सुरू व्हायचे होते. नियोजित अध्यक्षांची मिरवणूक मंडपात येत असताना स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्या हाती एक चिठ्ठी पोचली. मजकूर थोडका होता. अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेला अनुमोदन मिळाले की मला प्रतिनिधींपुढे बोलायचे आहे, सभा तहकूब करण्याची सूचना मांडायची आहे आणि तिच्याबरोबर एक विधायक प्रस्तावही द्यायचा आहे, तरी माझे नाव पुकारावे. खाली सही होती बाळ गंगाधर टिळकांची.

नाव पुकारले गेले नाही. थोड्याच वेळात मंडपात जोडा उडाला.

तो जोडा मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. जहाल आणि मवाळ, सुरतेची फूट, भिरकावलेला जोडा या तीन गोष्टी पाठ्यपुस्तकातल्या एकाच परिच्छेदात येतात आणि परीक्षेनंतर जोडा तेवढा लक्षात राहतो. चिठ्ठीचे नाव कोणी काढत नाही. सभेत कसे वागावे, मतभेद कोणत्या भाषेत मांडावेत, जो आपल्यातून गेला किंवा ज्याला आपण घालवले त्याच्याविषयी मागे काय बोलावे, हे प्रश्न आजही आपल्या प्रत्येक संस्थेत रोज उभे राहतात. त्यांची उत्तरे मला जोड्यापेक्षा चिठ्ठीत अधिक सापडतात. म्हणून ही जुनी गोष्ट पुन्हा सांगतो आहे.

नागपूरहून सुरतेला

मराठी मनात सुरत आधीपासूनच वस्तीला होती. १६६४ आणि १६७० या दोन साली शिवाजी महाराजांनी मोगलांचे हे श्रीमंत बंदर लुटले, ते बखरींतून आणि पोवाड्यांतून घरोघर पोचले. आज उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि तिथल्या कापडधंद्यात राबतात. १९०७च्या डिसेंबरात मात्र पुण्याचे, वऱ्हाडचे, नागपूरचे शेकडो मराठी लोक सुरतेत उतरले ते राजकारणासाठी.

अधिवेशन खरे तर नागपूरला व्हायचे होते. तिथल्या स्वागत समितीत अध्यक्ष कोण यावरून इतकी बाचाबाची झाली की नोव्हेंबरात मुंबईत, सर फिरोजशहा मेहता यांच्या घरी भरलेल्या बैठकीत स्थळ बदलून सुरत ठरले. या बदलाचा अर्थ टिळकांच्या पक्षाला लगेच कळला. सुरत मुंबई इलाख्यात होती आणि ज्या प्रांतात अधिवेशन त्या प्रांताचा अध्यक्ष नसावा असा प्रघात होता. टिळकांचे नाव त्यामुळे आपोआप गळले. शिवाय सुरत म्हणजे मेहतांच्या वजनाचा मुलूख. नागपूरला जहालांना जो पाठिंबा मिळाला असता तो इथे मिळणार नव्हता.

मग टिळकांच्या बाजूने लाला लजपतराय यांचे नाव पुढे आले. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने त्यांना मंडालेला हद्दपार केले होते आणि नोव्हेंबरात सोडले होते. ज्याला सरकारने खटल्याविना देशाबाहेर नेले त्याला देशाने अध्यक्ष करावे, ही मागणी लोकांच्या मनाला भिडणारी होती. पण आपल्या नावावरून काँग्रेस फुटू नये म्हणून लजपतरायांनी स्वतःच नकार दिला. अध्यक्ष म्हणून कलकत्त्याचे विद्वान वकील डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव कायम राहिले.

नावापेक्षा खोल वाद ठरावांचा होता. १९०६ साली कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांविषयी चार ठराव झाले होते. सुरतेत ते पातळ केले जाणार, किंवा गाळलेच जाणार, अशी कुणकुण होती. मसुदे तयार करण्याचे काम गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे होते आणि ते प्रतिनिधींच्या हाती वेळेवर पडले नाहीत. छपाईला उशीर झाला, हेतू वाईट नव्हता, असे गोखल्यांनी नंतर सांगितले. त्यांच्या सचोटीविषयी मला शंका नाही. पण संशयाने भरलेल्या मंडपात कागद उशिरा आला की उशीर हाच पुरावा ठरतो. संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने सुरतेतून घ्यायचा हा पहिला धडा आहे.

मंडपातले दोन दिवस

सोळाशेहून अधिक प्रतिनिधी जमले होते. २६ तारखेच्या दुपारी माळवींचे स्वागताचे भाषण झाले, अंबालाल साकरलाल देसाई यांनी घोषांचे नाव सुचवले आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनाला उठले. हिंदुस्थानातल्या मोठ्या वक्त्यांत त्यांची गणना होत असे. त्यांचा आवाज त्या दिवशी मंडपात पोचला नाही. ‘मिदनापूर आठवा’, ‘नागपूर आठवा’ अशा आरोळ्या उठल्या. ते टेबलावर चढले तरी लोक ऐकेनात. सभा दुसऱ्या दिवसावर गेली.

मधल्या वेळात समेटाची धावपळ झाली. खुद्द सुरेंद्रनाथ तडजोडीला राजी दिसत होते. माळवींची गाठ मात्र पडेना. भेट मागितली तेव्हा ते धर्मकृत्यात असल्याचा निरोप आला, असे टिळक पक्षाच्या निवेदनात म्हटले आहे. त्यात भर म्हणून घोषांचे अध्यक्षीय भाषण सभेत वाचले जाण्याआधीच कलकत्त्याच्या वृत्तपत्रांत छापून आले आणि त्यात जहालांवर टीका होती. ज्यांच्याकडून गुण्यागोविंदाने संमती हवी, त्यांना झोडणारे भाषण आधीच छापून झाले होते.

२७ला सुरेंद्रनाथांनी अनुमोदन पुरे केले, मोतीलाल नेहरूंनी दुजोरा दिला, टाळ्यांच्या गजरात घोष निवडून आल्याचे जाहीर झाले आणि ते खुर्चीवर बसले. चिठ्ठीला उत्तर नव्हते. तेव्हा टिळक उठले आणि व्यासपीठावर चढले. आपण रीतसर सूचना दिली आहे, बोलण्याचा हक्क आपल्याला आहे, असे ते म्हणाले. ही सूचना या टप्प्यावर नियमाला धरून नाही, असे स्वागताध्यक्षांनी आणि अध्यक्षांनी सांगितले. टिळक हाताची घडी घालून प्रतिनिधींकडे तोंड करून उभे राहिले. मला ओढून खाली काढाल तरच उतरेन, असा त्यांचा पवित्रा होता.

पुढचे दृश्य ‘मँचेस्टर गार्डियन’चे वार्ताहर हेन्री नेव्हिन्सन यांनी व्यासपीठाजवळून पाहिले आणि १९०८ साली आपल्या पुस्तकात नोंदवले. टिळकांच्या अंगावर माणसे धावली, खुर्च्या उचलल्या गेल्या. त्या क्षणी गोखले पुढे झाले आणि दोन्ही हात पसरून टिळकांना आड करून उभे राहिले. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक जोडा आला. टोकदार, तांबूस कातड्याचा, तळाला शिशाचे खिळे मारलेला, मराठी घडणीचा. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागला आणि तिथून फिरोजशहांवर आदळला. मग काठ्या चालल्या आणि शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला.

जोडा कोणी फेकला हे ठरले नाही. नेम कोणावर होता याविषयीही एकमत नाही. गोखल्यांनी हात पसरले हे मात्र एका तटस्थ माणसाने समोरून पाहून लिहिले आहे. तरीही शंभराहून अधिक वर्षांत आपण जोडा पाठ केला आणि ते हात विसरलो, याची मला मराठी माणूस म्हणून खंत वाटते.

दोन निवेदने

फूट पडल्यावर दोन्ही बाजूंनी आपापली हकीकत छापली. टिळक पक्षाच्या निवेदनावर टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, अरविंद घोष आदींच्या सह्या होत्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की लक्षात येते की घटनाक्रमाविषयी वाद फार थोडा आहे. वाद आहे तो सभ्यतेच्या अर्थाचा.

मवाळांच्या मते सभ्यता म्हणजे सभेची शिस्त. अध्यक्षांचा निर्णय शेवटचा आणि बहुमत झाल्यावर अल्पमताने गप्प बसायचे. जो खुर्चीचा हुकूम मोडून व्यासपीठावर उभा राहतो, तोच सभा मोडतो. जहालांच्या मते सभ्यता म्हणजे न्याय. रीतसर चिठ्ठी दिली असताना बोलू न देणे हीच पहिली हिंसा आणि बाकी सगळे तिच्या मागून आले. काठ्या दोन्ही निवेदनांत आहेत आणि प्रत्येकात त्या दुसऱ्याच्या हातात आहेत.

खरे काय? मला दोघांचेही अर्धे म्हणणे पटते. टिळकांची चिठ्ठी वाचली गेली असती तर? त्यांच्या पक्षाच्या निवेदनानुसार प्रस्ताव एवढाच होता की दोन्ही बाजूंची समिती नेमून मतभेद मिटवावेत. तो मताला टाकता आला असता. मंडपात मवाळांचे बहुमत होते, प्रस्ताव बहुधा पडलाही असता. पण पडलेला प्रस्ताव मांडणारा माणूस सभेत राहतो. ज्याला बोलूच दिले नाही तो सभेबाहेर जातो आणि आपल्याबरोबर अर्धी सभा नेतो.

जहालांचा दोषही लपवण्यासारखा नाही. आदल्या दिवशी सुरेंद्रनाथांना बोलू न देणारे हेच होते. दुसऱ्याचा आवाज बुडवून स्वतःच्या आवाजाचा हक्क सांगता येत नाही. अरविंद घोषांनी पुढे अनेक वर्षांनी लिहून ठेवले की काँग्रेस मोडण्याचा हुकूम त्यांनी दिला होता आणि टिळकांना न विचारता दिला होता. टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून समेटाचा प्रस्ताव मांडू पाहत होते, त्याच वेळी त्यांच्याच पक्षातली तरुण माणसे समेट नको असे ठरवून बसली होती. आपल्या मागे उभे असलेले काय करतील याची जबाबदारी पुढाऱ्यावर येते. ती टिळकांवरही येते.

दुसऱ्या दिवशी, २८ला, टिळकांनी लेखी कळवले की डॉ. घोषांच्या निवडीला असलेला विरोध आम्ही सोडतो, झाले गेले विसरतो. मात्र कलकत्त्याचे चार ठराव कायम राहावेत आणि अध्यक्षांच्या भाषणातला आमच्या पक्षाला झोंबणारा भाग गाळावा. मवाळांनी ते मानले नाही. त्यांनी त्याच मंडपात पोलिसांच्या बंदोबस्तात आपली वेगळी बैठक घेतली. आत यायचे तर साम्राज्यातील स्वशासन आणि सनदशीर मार्ग मान्य असल्याच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागत होती. जहालांची सभा शहरात दुसरीकडे अरविंद घोषांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्या सभेचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तरुण अरविंद अध्यक्षस्थानी बसलेले आहेत आणि टिळक उभे राहून बोलत आहेत. एका शहरात एकाच दिवशी दोन सभा भरल्या होत्या आणि काँग्रेस यातली एकही उरली नव्हती.

गेलेल्या माणसाची सावली

एप्रिल १९०८मध्ये अलाहाबादेत मवाळांनी काँग्रेसची घटना लिहिली. सुरतेच्या प्रतिज्ञेचे कलम झाले आणि टिळकांच्या माणसांसाठी दार बंद झाले. जूनमध्ये टिळकांना मुंबईत अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली, गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि टिळक मंडालेला गेले. अरविंद मे महिन्यातच अलीपूर खटल्यात पकडले गेले होते. ज्यांना सभेने बाहेर काढले त्यांना सरकारने सहज उचलले. फुटीचा फायदा घेणारा तिसरा नेहमीच बाहेर उभा असतो.

मंडप शांत झाला. तिथे आता जोडा उडत नव्हता, आरोळ्या नव्हत्या आणि माणसेही नव्हती. सुरतेत सोळाशेहून अधिक प्रतिनिधी होते, १९०८च्या मद्रास अधिवेशनाला ६२६ आले आणि १९०९ साली लाहोरला २४३. भांडखोर गेल्यावर सभा सुखाने चालेल असे ज्यांना वाटते, त्यांनी हे आकडे पाहावेत. सभेत कोणी भांडत नाही याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की सभेकडून कोणाला काही अपेक्षा उरलेली नाही.

जून १९१४मध्ये टिळक सुटून आले. त्या डिसेंबरात काँग्रेसचे चिटणीस सुब्बाराव पुण्यात आले, टिळकांना भेटले, गोखल्यांना भेटले. ॲनी बेझंट समेटासाठी खटपट करत होत्या. गोखलेही आधी अनुकूल होते. मग त्यांचे मन फिरले. टिळक आत आले तर काँग्रेस ताब्यात घेतील आणि सरकारची अडवणूक हाच तिचा कार्यक्रम करतील, अशी त्यांना भीती वाटली. ती त्यांनी नियोजित अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना खासगी पत्रातून कळवली. त्या वर्षीच्या मद्रास अधिवेशनात त्या पत्राचा बोभाटा झाला. टिळक सरकारवर बहिष्कार घालू पाहतात असा आरोप झाला, टिळकांनी तो साफ नाकारला, समेट बारगळला आणि केसरीतून कडवट वाद पेटला.

या प्रसंगाने मला फार विचार करायला लावले आहे. गोखल्यांइतका सौम्य माणूस त्या काळच्या राजकारणात विरळा. उघड्या मंडपात, खुर्च्या अंगावर येत असताना ते प्रतिस्पर्ध्यापुढे ढाल होऊन उभे राहिले. तोच माणूस सात वर्षांनी बंद लिफाफ्यात त्या प्रतिस्पर्ध्याविषयी असे लिहून बसला, जे समोर मांडले असते तर निदान उत्तर मिळाले असते. त्यात एकही असभ्य शब्द नसेल. पण माणूस समोर नसताना त्याच्या हेतूंविषयी सांगितलेली गोष्ट जोड्यापेक्षा खोल लागते, कारण तिला हात आडवा घालता येत नाही. गोखले तेव्हा अतिशय आजारी होते आणि काँग्रेसविषयीची त्यांची काळजी खरी होती, हे मला मान्य आहे. तरी इतक्या थोर माणसाकडून हे झाले असेल, तर आपण किती जपले पाहिजे!

चितेपाशी

१९ फेब्रुवारी १९१५ला गोखले पुण्यात वारले. वय ४८. वाद अजून विझला नव्हता. टिळक सिंहगडावर होते, ते खाली आले आणि अंत्यविधीला हजर राहिले. चितेपाशी त्यांना बोलण्याची विनंती झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ही टाळ्यांची वेळ नाही, अश्रूंची आहे, असे सांगून त्यांनी त्या थांबवल्या. मग समोर निजलेल्या माणसाला त्यांनी हिंदुस्थानचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले आणि त्याच्यासारखे काम करा असे तरुणांना सांगितले.

दोघे रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघांनी फर्ग्युसनमध्ये शिकवले, आणि १८९०नंतर जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर समोरासमोर उभे राहिले. १८९५ साली पुण्याच्या काँग्रेस मंडपात सामाजिक परिषद भरू द्यायची की नाही यावरून मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गोष्ट गेली होती आणि न्यायमूर्ती रानड्यांनी ती परिषद दुसरीकडे नेली होती. त्या पुण्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुरेंद्रनाथच होते. त्याच वर्षी जूनमध्ये गोपाळ गणेश आगरकर गेले. डोंगरीच्या तुरुंगात टिळकांबरोबर १०१ दिवस काढलेला, केसरीचा पहिला संपादक, पुढे ‘सुधारक’ काढून टिळकांशी कडाक्याने भांडलेला हा मित्र. सनातन्यांनी त्याची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. त्याच्यावरही टिळकांनी केसरीत हृदयातून मृत्युलेख लिहिला.

मेल्यावर सगळेच गोड बोलतात, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. टिळकांनी गोखल्यांशी असलेला एकही मतभेद चितेपाशी मागे घेतला नाही आणि पुढेही कधी घेतला नाही. त्यांनी एवढेच केले की मतभेद आणि माणूस यांची दोन खाती वेगळी ठेवली. गोखल्यांच्या पसरलेल्या हातांचा अर्थही तोच होता. तुझे बोलणे मला चालणार नाही, पण तुझ्या अंगाला हात लागू देणार नाही. मराठी सार्वजनिक जीवनातली सभ्यतेची माझी व्याख्या या दोन क्षणांत मावते.

१९१५च्याच नोव्हेंबरात फिरोजशहा मेहताही गेले. डिसेंबर १९१५च्या मुंबई अधिवेशनात घटना बदलली आणि दार उघडले. डिसेंबर १९१६मध्ये लखनौला टिळक काँग्रेसमध्ये परतले तेव्हा त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली. व्यासपीठावर सुरेंद्रनाथ होते, रासबिहारी घोष होते. नऊ वर्षांपूर्वी एकाच्या गालाला जोडा लागला होता आणि दुसऱ्याची खुर्ची टिळकांनी अडवली होती. तिघे एका मंडपात बसले आणि त्याच अधिवेशनात मुस्लिम लीगशी करार झाला, जो फुटलेल्या काँग्रेसला कधीच करता आला नसता.

आपल्या सभा

आपल्या गृहसंस्थांच्या सभा, साहित्य मंडळे, ज्ञातिसंस्था, भजनी मंडळे, परदेशातली महाराष्ट्र मंडळे, फोनवरचे वर्गमित्रांचे गट, सगळीकडे एक माणूस असतो जो फार प्रश्न विचारतो. त्याचा आवाज चढतो, त्याची भाषा टोचते. एक दिवस तो जातो किंवा त्याला घालवले जाते. मग काही जण म्हणतात, बरे झाले, सभा सुटली. काही म्हणतात, खरे बोलणारा एकच होता. आणि तो नसलेल्या सभेत पुढची कित्येक वर्षे त्याच्यावरच वाद चालतो.

अशा वेळी मी सुरतेकडे पाहतो. सभ्यतेची परीक्षा आवाजाच्या पट्टीवर घेतली तर टिळक नापास होतील, पण मग चिठ्ठी खिशात ठेवणारे माळवी पहिले येतील, आणि हा निकाल चुकीचा आहे. ती परीक्षा तीन ठिकाणी घ्यावी. विरोधकाने रीतसर मागितलेली वेळ आपण देतो का? त्याच्यावर कोणी धावून आले तर मध्ये उभे राहतो का? तो नसताना त्याच्याविषयी तेच बोलतो का, जे त्याच्या तोंडावर बोलू? आणि हक्क मागणाऱ्यानेही स्वतःला विचारावे की काल दुसरा बोलत होता तेव्हा मी ओरडत तर नव्हतो?

तहकुबीची सूचना मांडू पाहणारी ती चिठ्ठी वाचायला अर्धे मिनिट पुरले असते. ती वाचली नाही म्हणून काँग्रेस नऊ वर्षे अर्धी राहिली. तुमच्या सभेत अशी चिठ्ठी आली, आणि ती नकोशा माणसाची असली, तर ती उभे राहून मोठ्याने वाचा.